कुंडीतलं ख्रिसमस ट्री: डिसेंबर सोपा, जुलै अवघड



डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणाऱ्यांना जानेवारीचा पहिला आठवडा चांगला ठाऊक आहे. बिल्डिंगखाली कचऱ्याच्या डब्यांशेजारी कुंड्या दिसायला लागतात. हातभर उंचीचं हिरवं झाड, त्यावर एखादी विसरलेली चमकी. काही पार वाळलेली, काही चक्क जिवंत. मागच्या वर्षी माझ्या मुलीने अशाच एका कुंडीपुढे थांबून विचारलं, "सण संपला म्हणून टाकून दिलं का गं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी आमचंही झाड असंच खाली गेलं होतं.

शाळेत ट्री, मॉलमध्ये ट्री, शेजारी ट्री. तेव्हा यंदा तुमच्याही घरी हट्ट सुरू झालाच असेल. आणायचं असेल तर जरूर आणा. पण आधी या झाडाची गोष्ट वाचा. ते कुठून आलं हे समजलं की ते जगवायचं कसं, हे निम्मं आपोआप समजतं.

घरात सजवलेल्या झाडाची एक जुनी नोंद 1605 सालची, स्ट्रासबर्गची आहे. लोक खोलीत फरचं झाड उभं करायचे आणि त्यावर कागदी गुलाब, सफरचंदं, साखरेची मिठाई लटकवायचे. बाहेर बर्फ, सगळी झाडं निष्पर्ण, आणि त्यात हे एकच हिरवं. त्या थंडीत हिरवा रंग म्हणजे धीर होता. झाड बहुतेक वेळा तोडूनच आणलेलं असायचं. जंगल जवळ होतं.

इंग्लंडच्या राजघराण्यात हे झाड आणलं ते जर्मनीहून लग्न होऊन आलेल्या राणी शार्लटने. 1800 सालच्या नाताळात तिने विंडसरला मुलांसाठी मेजवानी ठेवली आणि दिवाणखान्याच्या मधोमध एका भल्यामोठ्या पिंपात यूचं झाड उभं केलं. फांद्यांना मिठाई, बदाम, मनुका, फळं आणि खेळणी, सोबत मेणबत्त्या. मुलांनी भोवती फिरून बघायचं आणि आपापला खाऊ घेऊन घरी जायचं. माहेरची आठवण सासरच्या दिवाणखान्यात, आणि तीही मुलांसाठी! परदेशात गणपती बसवणाऱ्या आपल्यापैकी कुणाला हे वेगळं समजवायला नको.

पुढे 1848 मध्ये राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं टेबलावरच्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आलं, आणि ही फॅशन घरोघर पोचली. आणि हो, नकली झाडही आजकालचं नाही बरं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतच, जंगलं तुटतात म्हणून, हंसाची पिसं हिरवी रंगवून झाडं बनवली जात. म्हणजे नकली झाडाचा जन्म खरं झाड वाचवण्यासाठी झाला. त्यामुळे प्लॅस्टिकचं एकच झाड दहा वर्षं जपून वापरत असाल तर त्यात कमीपणा नाही.

आता आपल्याकडचं बघू. 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. 23 डिसेंबर 1534 ला, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर, गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, पण सण राहिला. त्या सणाचा मान मात्र झाडाला नव्हता, गव्हाणीला होता. गवत, गाईगुरं, बाळ येशू असा देखावा. या देखाव्याची परंपरा संत फ्रान्सिस ऑफ असिसीकडे जाते. त्याने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात खरी गुरं आणि गवत वापरून तो मांडला होता. आपल्या जवळचं जबल अलीचं कॅथलिक चर्च आहे ना, ते याच संताच्या नावाचं. आणि त्याच परिसरात 2012 पासून गुरुद्वारा आणि 2022 पासून हिंदू मंदिर आहे. "हा आपला सण आहे का?" असं मूल विचारेल तेव्हा त्याला तिथे एक चक्कर मारून आणा.

झाड आपल्याकडे नंतर आलं. आणि फर, स्प्रूस आणणार कुठून? मग गोव्यात, मुंबईत आपल्या माणसांनी किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी आणून सजवली. सुरू हा पाइन नव्हेच, नुसता दिसायला तसा. पण चाललं! इंग्लंडात शार्लटने यू घेतला, कोकणी माणसाने सुरू घेतला. आसपास जे जगतं तेच ट्री.

आपल्या घरची झाडं मरतात ती इथेच. खऱ्या स्प्रूसला थंडीची झोप लागते. ती त्याला इथे मिळत नाही, आणि पुढचा उन्हाळा सोसत नाही. दुसरं, लिंबाच्या वासाचं पोपटी 'लेमन सायप्रस'. ते मूळचं कॅलिफोर्नियाच्या थंड, धुक्याच्या किनाऱ्यावरचं. त्याला भरपूर ऊन आणि गार हवा दोन्ही लागतं. एसीच्या खोलीत ते आतून करपत जातं, आणि आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आमचं तेच झालं.

घरात टिकण्यातलं झाड म्हणजे अरोकेरिया, नॉरफोक आयलंड पाइन. कॅप्टन कुक 1774 मध्ये प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर उतरला तेव्हा त्याला वाटलं, जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी काय सरळ झाडं आहेत! पुढे लाकूड त्या कामाचं निघालं नाही, पण कुंडीतलं रोप लोकांना आवडलं. त्या बेटावर कडाक्याची थंडी नाही आणि भाजणारं ऊनही नाही, म्हणून त्याला बर्फाची झोप लागत नाही. आपल्याकडे बंगल्यांपुढे, कॉलेजांच्या आवारात थराथरांच्या फांद्यांचं जे 'ख्रिसमस ट्री' दिसतं, ते हेच किंवा याचं चुलत भावंड.

मग त्याला ते बेट आठवेल असं ठेवायचं, बस्स. खिडकीजवळ भरपूर उजेडात, पण एसीचा झोत अंगावर येणार नाही असं. बोट मातीत खुपसून बघायचं, वरचा थर कोरडा लागला की पाणी. बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं. हवा फार कोरडी असेल तर खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवायची. झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून दर आठवड्याला थोडं फिरवायचं. फांद्या मऊ असतात, तेव्हा जड गोळे नकोत. कागदी चांदण्या आणि एलईडीची हलकी माळ पुरे. हिरवा रंग किंवा चमकी फवारलेलं रोप घेऊ नका. शेंडा छाटू नका. आणि खालची फांदी एकदा वाळली की त्या जागी पुन्हा येत नाही, म्हणून सुरुवातीपासूनच सांभाळा.

पण खरी परीक्षा डिसेंबरात नसते, ती जुलैत असते. आपण सहा आठवडे गावी जातो, एसी बंद, पडदे बंद, आणि काचेआडचा फ्लॅट भट्टीसारखा तापतो. म्हणून झाड आणण्याआधीच ठरवा, किल्ली कुणाकडे देणार? तुळशीसाठी तुम्ही हे करताच ना? शेजाऱ्यांकडे कुंडी पोचवता, व्हिडिओ कॉलवर "जरा दाखवा हो" म्हणता. तोच नियम याला. आणि ते जमणार नसेल तर मुलांना तसं स्पष्ट सांगा आणि कागदाचं झाड करा. मुलांना पटतं.

एक शेवटचं. इथल्या वाळवंटातही एक सदाहरित झाड आहे, गाफ. 2008 पासून ते अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे, आणि 2019 च्या 'सहिष्णुता वर्षा'चं बोधचिन्हही तेच होतं. हे गाफ म्हणजे आपली शमी! पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं जिच्यावर लपवली, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. खोल गेलेल्या मुळांच्या जोरावर ती इथल्या उन्हातही हिरवी राहते. पुढच्या वेळी दिसली की गाडी थांबवून मुलांना दाखवा.

यंदा आम्ही अरोकेरिया आणलंय. लेकीने कुंडीवर चिठ्ठी चिकटवलीय: "जुलैमध्ये खालच्या काकूंकडे." काकूंना विचारून झालंय. त्यांनी बदल्यात त्यांची तुळस मे महिन्यात आमच्याकडे ठेवायची अट घातलीय.

तुमच्या झाडाची किल्ली कुणाकडे असते? खाली नक्की लिहा.