रोगसाथी व कॅथलिक उपासनापद्धती

रोगसाथी व कॅथलिक उपासनापद्धती : स्पर्श, श्वास वा जमाव यांतून फैलावणाऱ्या रोगांच्या काळात रोमन कॅथलिक पंथाच्या सामुदायिक उपासनेत झालेले बदल. या उपासनेचा गाभा असलेला मिस्साविधी एकत्र जमून करावयाचा असतो. ख्रिस्तप्रसाद धर्मगुरूच्या हातून घ्यावयाचा, क्रूसाचे चुंबन घ्यावयाचे, चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पवित्र जलात बोटे बुडवून क्रूसाची खूण करावयाची, असे त्याभोवतीचे आचार आहेत. भक्तीच्या या खुणाच संसर्गाच्या वाटा ठरू शकतात. त्यामुळे विधीतील काय बाजूला ठेवता येते व काय येत नाही, हा प्रश्न मोठ्या साथींत पुनःपुन्हा उद्‌भवला.

मिलान येथे १५७६-७७ च्या प्लेगमध्ये आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ (१५३८–८४) यांनी चौकाचौकांत वेद्या उभारविल्या. घराबाहेर पडण्यास बंदी असलेल्यांना खिडकीतून मिस्सा पाहता यावी, हा त्यामागील हेतू. त्याच साथीत त्यांनी अनवाणी चालत प्रायश्चित्ताच्या मिरवणुकाही काढल्या, हे मात्र विसरता येत नाही.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील प्लेगचे निदान मूळचे गोव्याचे कॅथलिक डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. पुढील वर्षी साथरोग अधिनियम आला. घरझडती व सक्तीचे विलगीकरण यांनी लोक धास्तावले. या काळात वांद्रे, माझगाव, गिरगाव अशा भागांतील ईस्ट इंडियन व अन्य कॅथलिक वस्त्यांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले गेले. त्यांतील अनेकांच्या चौथऱ्यांवर साथीच्या वर्षांचे आकडे कोरलेले आढळतात. काही नवसाचे, तर काही संकट टळल्याच्या कृतज्ञतेचे. चर्चमध्ये जाणे अवघड झाल्याने शेजारपाजारचे लोक तेथेच माळेची प्रार्थना करीत, अशी परंपरा सांगितली जाते. तथापि हे क्रूस म्हणजे आरोग्यदक्षतेची योजना होती, असे मानणे कालविपर्यास ठरेल. संरक्षणाची याचना हीच त्यांची मूळ प्रेरणा होती. उपासना आळीत आली, हा तिचा आनुषंगिक परिणाम होय.

पुढील महत्त्वाचा बदल रोगाशी संबंध नसताना घडला. भारतीय उपासनेसाठी व्हॅटिकनने १९६९ मध्ये बारा अनुकूलनांना मान्यता दिली. त्यांनुसार गुडघा टेकण्याऐवजी अंजलिमुद्रा करण्याची व शांतीचे अभिवादनही तिनेच देण्याची मुभा मिळाली. संस्कृतीशी जुळवून घेण्यासाठी केलेली ही योजना तेव्हा अनेकांना रुचली नव्हती. पण २०२० मध्ये हस्तांदोलन वर्ज्य झाले, तेव्हा नमस्कार हाच सोयीचा पर्याय ठरला. याच अनुकूलनांत वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून हात डोळ्यांस वा कपाळास लावण्याचीही मुभा होती. तिचा साथीत काही उपयोग नव्हता.

कोविड-१९ च्या साथीत अनेक धर्मप्रांतांनी प्रथम पवित्र जलाची पात्रे रिकामी केली आणि ख्रिस्तप्रसाद जिभेऐवजी हातावर देण्यास सुरुवात केली. मार्च २०२० अखेरच्या टाळेबंदीने मुंबईपासून मराठवाड्यातील औरंगाबाद धर्मप्रांतापर्यंत (स्था. १९७७) राज्यातील चर्चे भाविकांना बंद झाली व मिस्सा पडद्यावर दिसू लागली. २५ मार्चच्या व्हॅटिकनच्या फर्मानाने गुड फ्रायडेचे क्रूसचुंबन केवळ विधी चालविणाऱ्या धर्मगुरूपुरते मर्यादित केले. पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी त्या वर्षी गाळण्यात आला. वांद्र्याच्या मोतमाउलीची सप्टेंबरमधील जत्राही भरली नाही. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली व ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा खुली झाली. दरम्यान २०२१ च्या राखेच्या बुधवारी धर्मगुरूने मंत्र सर्वांसाठी एकदाच उच्चारावा आणि मग मुखपट्टी लावून, काही न बोलता डोक्यावर राख टाकावी, अशी सूचना होती.

मिस्सा पडद्यावर पाहता येते. ख्रिस्तप्रसाद पडद्यावरून घेता येत नाही. पापनिवेदन व रुग्णाभ्यंग यांनाही धर्मगुरूची प्रत्यक्ष उपस्थिती लागते, आणि विलगीकरण कक्षात तीच दुर्मिळ होती. यावर २० मार्च २०२० च्या फर्मानाने एक तोड काढली : जी व्यक्ती अंतकाळी हे संस्कार घेऊ शकत नाही, परंतु मनाने सिद्ध आहे व जिने हयातीत काही प्रार्थना केल्या आहेत, तिला त्या क्षणी चर्चने पूर्ण दंडविमोचन दिले.