मुखचर्येवरून भावनांची ओळख

दुसऱ्याच्या भुवया, डोळे, गाल व ओठ यांच्या हालचाली पाहून त्याच्या मनातील भावना जाणण्याची क्षमता. भरताच्या नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात ३६ प्रकारच्या दृष्टींचे सूक्ष्म वर्णन आहे. मात्र तेथे विचार आहे तो नटाने भाव कसा दाखवावा याचा, आणि पाहणाऱ्याला तो कसा कळतो याचा प्रायोगिक अभ्यास एकोणिसाव्या शतकात सुरू झाला.

फ्रेंच वैद्य द्यूशेन याने विजेच्या प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू आकुंचित करून त्यांची छायाचित्रे १८६२ मध्ये प्रसिद्ध केली व मनापासूनच्या हास्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळला जातो, असे दाखवून दिले. यांपैकी काही छायाचित्रे चार्ल्स डार्विनने वीसहून अधिक सुशिक्षित व्यक्तींना काहीही न सांगता दाखविली. काहींविषयी त्यांचे एकमत झाले, तर काहींविषयी उत्तरे अगदी भिन्न आली. सोबतचे स्पष्टीकरण आधी वाचले नसते तर आपणही गोंधळलो असतो, अशी प्रांजळ नोंद त्याने आपल्या १८७२ च्या ग्रंथात केली असून या विषयातील पुढील वादाचे मूळ तीतच आहे.

पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांना एखादा लहानसा प्रसंग सांगून त्याला जुळणारा चेहरा दोन-तीन छायाचित्रांतून निवडण्यास सांगितले. फोरे लोकांनी भय व आश्चर्य यांत गल्लत केली, तरी इतर निवडी बव्हंशी अपेक्षेप्रमाणे आल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे आनंद, दुःख, राग, भय, आश्चर्य व किळस या भावनांच्या मुद्रा सर्व मानवजातीत समान असतात, या मताला बळ मिळाले. परंतु मोजके पर्याय पुढे ठेवले की उत्तर आपोआप सुचविले जाते. पाहणाऱ्याला स्वतःच्या शब्दांत उत्तर देऊ दिल्यास एकमत घटते, असा गंभीर आक्षेप जेम्स रसेल यांनी १९९४ मध्ये घेतला. त्याच देशातील ट्रोब्रियांड बेटांवर कार्लोस क्रिव्हेली व सहकाऱ्यांना असे आढळले की, पाश्चात्त्यांना भयाची वाटणारी, डोळे विस्फारून तोंड उघडलेली मुद्रा तेथील लोक राग व धमकीची मानतात (२०१६). हिलेल अव्हिएझर यांच्या २०१२ च्या प्रयोगात तर टेनिसपटूंचे केवळ चेहरे पाहून गुण जिंकलेला कोण व गमावलेला कोण हे लोकांना सांगता आले नाही. शरीर दाखविताच ते सांगता आले. चेहरा हा भावनेचा पुरावा नसून प्रसंग, देह व आवाज यांच्या जोडीने वाचावयाची एक खूण आहे, हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

मेंदूतील अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेल्या एका स्त्रीला चेहऱ्यावरील भय ओळखता येत नसे. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाही, हे पुढे उघड झाले आणि तसे पाहण्यास सांगितल्यावर तिला भय ओळखता येऊ लागले.

चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा दावा करणाऱ्या संगणकप्रणालींनाही वरील आक्षेप लागू पडतात, आणि उमेदवाराची निवड किंवा विद्यार्थ्याची पारख अशा प्रणालींवर सोपविणे अन्यायकारक ठरू शकते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत त्यांचा वापर निषिद्ध केला असून वैद्यकीय व सुरक्षाविषयक कारणांपुरता अपवाद ठेवला आहे.