एटीव्हीवरचा उजेड: एका कॉइलचा हिशोब

यूट्यूबवर एटीव्हीचे व्हिडिओ बघत असाल तर तो पट्टा तुमच्या ओळखीचा असेल. अमेरिकेतलं वाळवंट किंवा बर्फाळ शेत, रात्रीची वेळ, आणि चार फुगीर टायरांच्या गाडीवर पुढे आडवा लावलेला एलईडी लाइट बार. बटण दाबलं की समोर लख्ख. आणि खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न: ‘भाई, किती वॉटचा?’

आज या प्रश्नाचा इतिहास बघू. कारण एटीव्हीवर किती वॉटचा दिवा लावायचा हे कित्येक वर्षं दिव्याच्या दुकानात ठरतच नव्हतं. ते ठरायचं इंजिनाच्या आत, तांब्याच्या तारेच्या एका गुंडाळीत.

आधी गाडी कुठून आली ते थोडक्यात. १९६०च्या दशकाच्या शेवटी होंडाच्या अमेरिकन डीलर्सची एक रड होती: हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, बर्फात चालेल असं काहीतरी द्या. होंडाचे इंजिनिअर ओसामू ताकेउची कामाला लागले. दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून पाहिलं आणि शेवटी तीन चाकं, त्याला कमी हवेचे फुग्यासारखे टायर, असं ठरलं. १९७० मध्ये आलेल्या या गाडीचं नाव ‘यूएस ९०’, पुढे ‘एटीसी ९०’ झालं. इंजिन ८९ सीसीचं, ताकद सात हॉर्सपॉवर, किंमत ५९५ डॉलर. पुढच्याच वर्षी जेम्स बाँड ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये ती पळवताना दिसला, म्हणजे जाहिरात फुकटात झाली.

पण तीन चाकांची गाडी वळणावर कलंडते, हे ज्याने रिक्षा जोरात वळताना अनुभवली आहे त्याला सांगायला नको. १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची ‘क्वाडरनर एलटी १२५’ आणली. तोपर्यंत अपघात, त्यातही लहान मुलांचे, इतके गाजायला लागले होते की प्रकरण सरकारपर्यंत गेलं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या कोर्टातल्या करारानुसार कंपन्यांनी तीनचाकी विकणं थांबवलं. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

चार चाकं आल्यावर एटीव्ही खेळण्यातून बाहेर पडून कामाला लागली. मागे कॅरिअर, पुढे बर्फ ढकलायचा फाळ. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि गुरांची कामं पहाटे असतात. म्हणजे निम्मं काम काळोखातच. आणि कंपनीचे हेडलाइट तसे बेताचेच.

मग जास्त दिवे का नाही लावले? इथे ती कॉइल येते. एटीव्हीत कारसारखा वेगळा अल्टरनेटर सहसा नसतो. फ्लायव्हीलवर चुंबकं असतात, ती इंजिनाबरोबर फिरतात आणि आतल्या स्थिर गुंडाळीत, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज तयार होते. ती रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून बॅटरीकडे जाते. जुन्या, लहान गाड्यांत हे सगळं मिळून शंभर-दोनशे वॉटच्या घरात. त्यातच इग्निशन, त्यातच हेडलाइट आणि टेललाइट, आणि बॅटरी चार्जही त्यातच करायची. महिनाअखेरीला पगाराचं जे होतं, तेच या वॉटचं.

त्या काळात जास्त उजेड म्हणजे हॅलोजन. साध्या बल्बची टंगस्टनची तार तापून झिजते आणि काच काळी पडते. जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी १९५०च्या दशकात बल्बमध्ये हॅलोजन घालून ते टंगस्टन परत तारेवर बसवायची युक्ती शोधली. बल्ब लहान झाला, तेज वाढलं. पण मूळ पद्धत तीच, तार तापवायची. फॉगलाइटला लागणारा एच३ बल्ब ५५ वॉट खातो आणि साधारण चौदाशे-पंधराशे ल्युमेन देतो, उरलेली बहुतेक वीज उष्णतेत जाते. असे दोन लावले की ११० वॉट गेले. छोट्या स्टेटरचा गल्ला रिकामा.

मेक्सिकोत १९६७ पासून होणाऱ्या ‘बाहा १०००’ शर्यतीत ट्रकांच्या टपावर दिव्यांची रांगच्या रांग असायची. ट्रकला ते परवडत होतं, त्याचा अल्टरनेटर मोठा. एटीव्हीवाले नुसते बघत राहायचे. आणि खरी गंमत पुढे आहे: स्टेटरची वीज इंजिनाच्या वेगावर अवलंबून. बर्फ ढकलताना गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, म्हणजे उजेड सगळ्यात जास्त हवा तेव्हाच वीज सगळ्यात कमी. कमी पडली की बॅटरी भरपाई करते, तासाभरात उतरते, इंजिन बंद केलं की पुन्हा चालू होत नाही. दोरी ओढून सुरू होणाऱ्या जुन्या गाड्यांत निभावून जायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत दोरी असली तरी पंपाला वीज लागतेच. घरापासून दहा किलोमीटरवर, शून्याखाली वीस अंशांत, मोबाइलला रेंज नाही. एवढ्यासाठी दिव्याचा मोह आवरावा लागायचा.

ही कोंडी फुटली जपानमध्ये, आणि एटीव्हीचा त्या शोधाशी काडीचा संबंध नव्हता. विजेने स्फटिक चमकतो हे १९०७ मध्येच इंग्लंडच्या एच. जे. राउंडने छापून सांगितलं होतं. १९२०च्या दशकात रशियाच्या ओलेग लोसेवने त्यावर बरंच काम केलं. बिचारा १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेला. १९६२ मध्ये निक होलोन्याकने लाल एलईडी केला. पुढची तीस वर्षं एलईडी म्हणजे रेडिओवरचा लाल टिपका. पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि तेजस्वी निळा कोणालाच जमत नव्हता.

गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये बनवला. तिकडे तोकुशिमासारख्या आडबाजूच्या भागात, निचिया नावाच्या रसायनांच्या कंपनीत, शुजी नाकामुराने स्वतःच रिअ‍ॅक्टर जुळवून, वाकवून, पुन्हा जुळवून १९९३ मध्ये बाजारात विकता येईल असा तेजस्वी निळा एलईडी केला. बक्षीस किती? सुमारे वीस हजार येन. तुमच्या अप्रेझलबद्दल तक्रार असेल तर हा आकडा आठवा. नाकामुराने मात्र कोर्ट गाठलं आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

१९९६ मध्ये निचियाने निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर चढवून पांढरा एलईडी विकायला काढला. २००७-०८ मध्ये लेक्सस आणि ऑडीच्या महागड्या गाड्यांत एलईडी हेडलाइट आले, आणि त्याच सुमारास ऑफरोडवाल्यांच्या हातात लाइट बार पडायला लागले. आता हिशोब करा: दोन हॅलोजन ११० वॉटमध्ये जो उजेड देत होते, तेवढ्याला बऱ्या एलईडीला तीस-पस्तीस वॉट पुरतात. स्टेटर तोच, पण गल्ल्यात पैसे उरले.

म्हणून निवडताना पहिला आकडा बारचा बघायचा नाही, गाडीचा बघायचा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्टेटरचे वॉट दिलेले असतात. त्यातून गाडीचा स्वतःचा खर्च वजा करा, थोडी शिल्लक ठेवा, उरेल त्यात बार बसवा. खोक्यावरच्या ल्युमेनवर फार विश्वास नको. स्वस्त बारवर चिपची कमाल क्षमता गुणून ‘१८० वॉट’ छापलेलं असतं. क्लॅम्प मीटर लावला की खरा करंट कळतो: बारा व्होल्टला पाच अँपिअर म्हणजे साठ वॉट, खोका काहीही म्हणो.

मग बीम. झाडीतल्या वाटेला पसरट फ्लड, मोकळ्या माळाला लांबचा स्पॉट, आणि बहुतेकांना दोन्ही मिळून कॉम्बो. धूळ किंवा बर्फ असेल तर पांढरा उजेड कणांवर आपटून डोळ्यांत येतो, म्हणून पिवळसर बारला मागणी असते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच असायचे, म्हणजे ही पसंती काही नवी नाही. हँडलबारवर लावलेला बार वळणाबरोबर वळतो, पुढच्या रॅकवरचा वळत नाही. रॅकवरचा खूप मागे सरकवलात तर स्वतःच्याच प्लास्टिकवर चमक पडते आणि पुढचं काही दिसत नाही. आणि एक फरक हॅलोजनवाल्यांना उशिरा कळला: एलईडीची उष्णता मागच्या पंख्यांतून जाते, काचेवर येत नाही, त्यामुळे काचेवरचा बर्फ वितळत नाही. थांबून हाताने पुसावा लागतो.

वायरिंगमध्ये तारेचा जाडपणा, फ्यूज आणि रिले, एवढं सांभाळा. हँडलवरच्या चिमुकल्या स्विचमधून दहा अँपिअर नेले तर तो वितळेल. रिलेची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या टेलिग्राफची: क्षीण करंटने मोठा करंट चालू-बंद करायचा. रिलेच्या पायांवरचे आकडे जर्मन मानकातून आले, आजही तेच. ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ ला बार, ८६ ला स्विचमधून येणारी तार, ८५ ला अर्थ. ८६ ची तार किल्लीनंतरच्या सर्किटमधून घ्या, म्हणजे किल्ली काढली की बार आपोआप बंद. फ्यूज बॅटरीला जितका चिकटून तितका चांगला, कारण तार मध्ये कुठेही घासली तरी फ्यूज तिच्या आधी हवा. दहा अँपिअरच्या बारला १५ चा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार ठीक. बसवून झालं की गाडी आयडलवर ठेवा, बार लावा आणि बॅटरीवर मीटर धरा. साडेतेराच्या वर व्होल्ट टिकले तर उत्तम. साडेबाराकडे घसरायला लागले तर बॅटरी खर्च होतेय.

आता ती १९८८ ची तारीख. तेव्हा प्रश्न गाडीच्या तोलाचा होता, आज वेगाचा आहे. मोकळ्या मातीवर ताशी ५० किलोमीटरने जाताना अडथळा दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण ४५ मीटर जातात. ८० ला तेच ९५ च्या आसपास, जवळजवळ दुप्पट. जुन्या क्षीण दिव्यांत माणूस आपसूक हळू जायचा. बारने तो लगाम काढला, पण टायर आणि माती जुनीच आहे. शिवाय बारचा कडक उजेड पुढचा पट्टा उजळतो, पण कडेला काळोख अधिकच गडद वाटतो, आणि हरीण कडेनेच येतं.

आपल्याकडे एटीव्ही दिसते ती रिसॉर्टवर किंवा समुद्रकिनारी, रस्त्यावर नाही. पण तोच बार थार आणि बुलेटवर चढून घाटात समोरून येतो, तेव्हा आपण सगळे शिव्या घालतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला अपवाद सोडून बंदी आहे. कारण साधं आहे: हेडलाइटच्या लो बीमला वरची कड कापलेली असते, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. ऑफरोड बारला ती कड नसते, कारण तो बनवताना समोरून कोणी येईल असं धरलेलंच नव्हतं.

चला, भेटू पुढच्या भागात.