जबलपूरचा खेळ, दिल्लीची फायनल: गोष्ट इंडियन ओपनची

आज क्रिकेट नाही, कबड्डी नाही, आज स्नूकर. कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये तासाच्या हिशोबाने टेबल घेऊन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधीतरी क्यू धरला असेल. मी तर बीटेकची चार वर्षं धरला. घरी मात्र सांगायचो, लायब्ररीत आहे. कारण आपल्याकडे स्नूकर म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा खेळ, असा एक समज आहेच.

पण हा खेळ जन्मला कुठे, माहितीये? जबलपूरला. साल १८७५. ब्रिटिश फौजेतला नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी (पुढे पंतप्रधान झाला तो वेगळा बरं का) आणि त्याचे मित्र मेसमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावर नवनवे प्रकार करून बघत होते. लाल बॉलच्या खेळात त्यांनी रंगीत बॉल घातले. लष्करी शाळेतल्या नवख्या पोरांना तेव्हा ‘स्नूकर’ म्हणायचे. कुणाचा तरी सोपा शॉट चुकला, चेंबरलेनने त्याला त्या नावाने चिडवलं आणि तेच नाव खेळाला चिकटलं. पुढे १८८२ साली उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले.

म्हणजे खेळ आपल्या मातीतला. पण त्याचं प्रोफेशनल जग उभं राहिलं ते इंग्लंडमध्ये. १९७६ साली जागतिक क्रमवारी सुरू झाली. आधी फक्त वर्ल्ड चॅम्पियनशिपचे निकाल धरायचे, १९८२ पासून बाकीच्या काही स्पर्धाही धरायला लागले. ज्या स्पर्धेतली कामगिरी क्रमवारीत मोजली जाते, ती ‘रँकिंग’ स्पर्धा. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर ही दोन वर्षांची सरकती खिडकी आहे: नवा निकाल आत येतो, दोन वर्षांपूर्वीचा बाहेर पडतो. पूर्वी गुण मोजायचे, २०१४ पासून बक्षिसाचे पौंड मोजतात. खिडकीत तुमच्या नावावर पुरेसं काही उरलं नाही, की टूरवरची जागाच जाते.

आता या ऑक्टोबर २०१३ मध्ये. नवी दिल्लीतलं एक हॉटेल, आणि भारतातली पहिली रँकिंग स्पर्धा: इंडियन ओपन. खेळ जन्मल्यानंतर तब्बल १३८ वर्षांनी! विजेत्याला ५०,००० पौंड. आणि त्यात मुंबईचा आदित्य मेहता, वय २७. त्याच वर्षी कोलंबियातल्या वर्ल्ड गेम्समध्ये त्याने स्नूकरचं सुवर्ण जिंकलं होतं. तरी त्याच्याकडून फायनलची अपेक्षा कोण करणार?

सेमीफायनलला समोर स्कॉटलंडचा स्टीफन मॅग्वायर. सात फ्रेमचा सामना, शेवटच्या फ्रेमपर्यंत गेला. आदित्य ४-३ ने जिंकला. रँकिंग स्पर्धेच्या फायनलमध्ये पोचलेला पहिला भारतीय!

आणि फायनल? ०-५. एकही फ्रेम नाही. समोर चीनचा डिंग जुनहुई होता. त्याने आधीच्या महिन्यात शांघाय जिंकलं होतं, दिल्लीनंतर लगेच चेंगडूही जिंकलं. त्या मोसमात त्याने एकूण पाच रँकिंग स्पर्धा मारल्या आणि स्टीफन हेंड्रीच्या विक्रमाची बरोबरी केली. थोडक्यात, आदित्यची गाठ पडली ती आयुष्यातल्या सर्वात भारी फॉर्मात असलेल्या माणसाशी.

स्कोअरकार्ड बघून आपण म्हणतो, धुलाई झाली. मला मात्र त्या आठवड्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आदित्य घरी खेळत होता. आपल्या प्रोफेशनल खेळाडूला हे सुख जवळजवळ कधीच मिळत नाही. त्याला वर्षातला बराच काळ इंग्लंडमध्ये काढावा लागतो: भाडं, विमानाची तिकिटं, थंडी, एकटेपणा. पहिल्या फेरीत हरलात की खर्च तुमचा. याच इंडियन ओपनच्या पात्रता फेरीचे बहुतेक सामनेसुद्धा इंग्लंडमध्ये झाले होते! पंकज अडवाणीसारख्या दिग्गजाने २०१४ मध्ये टूर सोडली आणि बिलियर्ड्सकडे, घराकडे परतला. मला त्यात हार दिसत नाही, हिशोब दिसतो.

आदित्य थांबला नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या पॉल हंटर क्लासिकमध्ये त्याने १४७ चा ब्रेक केला. फाऊलचे गुण सोडले तर एका डावात याहून जास्त होतच नाहीत. प्रोफेशनल स्पर्धेत असं करणारा तो पहिला भारतीय. आणि समोर कोण? पुन्हा मॅग्वायरच!

इंडियन ओपन पुढे २०१५ ला मुंबईत आली, मग हैदराबाद, विशाखापट्टणम आणि २०१९ ला कोची. दिल्ली धरून पाच वेळा झाली. विजेते चीन, वेल्स, स्कॉटलंड, पुन्हा स्कॉटलंड आणि इंग्लंडचे. कोचीनंतर मात्र ती कॅलेंडरमधून गायब झाली.

डिंगने २००५ मध्ये बीजिंगला घरच्या प्रेक्षकांसमोर चायना ओपन जिंकली, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्यानंतर चीनमध्ये या खेळाचं काय झालं, ते आज क्रमवारी उघडली की कळतं. आपल्याकडे खेळाडू होते, टेबलं होती, गल्लोगल्ली पार्लर होती. पाच वेळा दारही उघडलं. ते उघडं ठेवायला मात्र सातत्याने पैसा आणि प्रेक्षक लागतात. आणि प्रेक्षक म्हणजे आपणच ना?

२०२३ मध्ये मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा प्रोफेशनल झाला. त्याची एखादी मॅच लागली तर दहा मिनिटं तरी बघा. आणि घरी कुणी ‘पार्लरमध्ये काय करतोस?’ विचारलं, तर जबलपूरची गोष्ट सांगा. भेटू पुढच्या भागात!