नांवाचा सातबारा

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत जमिनीचा सौदा निघाला म्हणजे जाणता मनुष्य भावाच्या आधीं एकच गोष्ट विचारतो : "सातबारा कोणाच्या नांवें आहे?" कलमें कितीहि मोहरलेलीं असोत, विहिरीला बारमाही पाणी असो, विकणारा कितीहि सालस दिसो, दप्तरीं नांव दुसऱ्याचें निघालें, तर घेणाऱ्याचे पैसे बुडाले असेंच समजावें. आज ज्या मालमत्तेविषयीं मला बोलावयाचें आहे तिला बांध नाहीं व कुंपणहि नाहीं. तथापि याच एका प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यामुळें तिच्या व्यवहारांत थोरथोर लोक फसले आहेत. ही मालमत्ता म्हणजे इंटरनेटवरील पत्ता, ज्याला डोमेन नांव म्हणतात. मी जुना मॅट्रिक झालेला शाळामास्तर. या विषयाशीं माझा कांहीं संबंध येईल असें मला कधीं वाटलें नव्हतें. पण माझ्या एका विद्यार्थ्याच्या नुकसानीनें मला तो शिकावयास लावलें. त्याची हकीकत शेवटीं सांगतों.

आरंभीं या जाळ्यांतील प्रत्येक यंत्र आंकड्यानेंच ओळखलें जाई. कोणत्या आंकड्याला कोणतें नांव, याची एकच यादी कॅलिफोर्नियांतील एका संशोधन संस्थेंत ठेवलेली असे, व ती सर्वांनीं उतरून घ्यावी अशी वहिवाट होती. यंत्रें वाढलीं, यादी पुरेनाशी झाली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं नांवांची नवी व्यवस्था आंखली. मोठ्या वाड्याचे निरनिराळे चौक, चौकांतल्या खोल्या, आणि प्रत्येक चौकाचा वेगळा कारभारी, अशी कांहींशी ती रचना होय. १५ मार्च १९८५ रोजीं सिम्बॉलिक्स नामक अमेरिकन कंपनीनें 'डॉट कॉम' या चौकांतलें पहिलें नांव नोंदविलें. त्यानंतर दहा वर्षें नोंदणीला दमडीहि पडत नसे. जो आधीं मागेल त्याला मिळेल, एवढाच नियम.

या मोकळेपणाची गंमत १९९४ सालीं जोशुआ क्विटनर या पत्रकारानें जगाला दाखविली. मॅकडोनल्ड ही खाद्यपदार्थांची बलाढ्य कंपनी. परंतु तिच्या नांवाचा पत्ता कोणींच घेतलेला नव्हता. तो या गृहस्थानें स्वतःच्या नांवें नोंदविला. पुढें कंपनीनें न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेस इंटरनेटची सामग्री देण्याचें कबूल केलें, तेव्हां त्यानें तो सोडला. शिक्षकाच्या मनाला हा सौदा आवडावा यांत नवल नाहीं. पण पुढें ज्यांनीं याचें अनुकरण केलें त्यांना शाळांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. सप्टेंबर १९९५ पासून नोंदणीस दोन वर्षांचे १०० डॉलर पडूं लागले. आपल्या देशांत विदेश संचार निगमनें जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, म्हणजे जवळजवळ त्याच सुमारास. १९९९ मध्यें 'बिझनेस डॉट कॉम' हें एक नांव ७५ लाख डॉलरांस विकलें गेलें आणि सर्वत्र लोभ सुटला.

परंतु या बाजाराचा खरा धडा दुसऱ्याच एका नांवाच्या खटल्यांत आहे. तें नांव आपल्यासारख्या सभ्य श्रोत्यांपुढें उच्चारण्याजोगें नाहीं. तें कामविषयक, तीन अक्षरी इंग्रजी नांव होतें इतकें सांगितलें म्हणजे पुरे. १९९४ सालीं गॅरी क्रेमेन या गृहस्थानें तें नोंदविलें. पुढच्याच वर्षीं स्टीफन कोहेन नांवाच्या एका लबाड मनुष्यानें नोंदणी कचेरीकडे एक बनावट पत्र पाठविलें. क्रेमेन यांना कंपनींतून काढून टाकलें आहे, नांव आम्हांस नको, तें कोहेन यांस द्यावें, असा मजकूर. आमच्या कंपनीस इंटरनेटची थेट जोडणी नसल्यामुळें कागदी पत्र धाडीत आहों, असेंहि त्यांत लिहिलें होतें! क्रेमेन यांच्या कंपनीचें नांवच 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' होतें. एवढें असूनहि कचेरीनें क्रेमेन यांना एका शब्दानें न विचारतां फेरफार करून टाकला. पुढें खटला चालला. नोव्हेंबर २००० मध्यें नांव परत मिळालें, २००१ सालीं साडेसहा कोटी डॉलर भरपाईचा हुकूम झाला. पण कोहेन मेक्सिकोस पळाला, आणि हुकूम कागदावर राहिला. २००३ सालीं अमेरिकेंतील अपील न्यायालयानें असें नांव ही मालमत्ताच होय, ती बळकावणें हा बळकावणाराचा अपराध होय व तिच्या हवाल्यांत कसूर करणारी कचेरीहि त्यास जबाबदार ठरूं शकते, असा निर्णय दिला.

मालमत्ता म्हटलें म्हणजे ती कायमची आपली, असा मात्र कोणीं ग्रह करून घेऊं नये. ज्यांचे वाडवडील खोताच्या गांवांत राहिले त्यांना हा भेद पटकन उमजेल. खोत हा मालक कीं सरकारचा केवळ वसूलदार, यावर आमच्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणें झालीं. १८८० चा कायदा आला, १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि अखेर १९४९ च्या कायद्यानें ती गेली. डोमेन नांवाचा धारक कांहींसा तसाच, मुदतीचा हक्कदार आहे. एका वेळीं फार तर दहा वर्षांची मुदत मिळते. ती संपण्यापूर्वीं पैसे भरले नाहींत तर हक्क जातो. डिसेंबर १९९९ मध्यें मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या एका नांवाचे पैसे भरावयास विसरली आणि ऐन नाताळांत हॉटमेलचीं टपालें अडकलीं. एका परक्या गृहस्थानें पदरचे ३५ डॉलर भरून तें सुरू करून दिलें. सर्वांना असा सज्जन भेटत नाहीं. 'डॉट कॉम'मध्यें मुदत टळल्यावर कांहीं दिवसांची सवलत असते, त्यानंतर जबर दंड भरून सोडविण्यासाठीं ३० दिवस असतात. मग तें नांव जो टपून बसला असेल त्याचें होतें.

दुसरी फसगत परक्याच्या कीर्तीवर जाळें टाकणाऱ्यांची. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानें १९९९ सालींच 'रेडिफ'शीं एका अक्षरानें जुळणारें 'रॅडिफ' हें नांव वापरण्यास मनाई केली. ६ मे २००४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'सिफी' या नांवाच्या वादांत स्पष्ट केलें कीं, व्यापारचिन्हाचे नियम डोमेन नांवालाहि लागू पडतात. तेव्हां प्रसिद्ध उद्योगाचें नांव स्वस्तांत मिळत आहे म्हणून घेणारा मनुष्य वस्तुतः वाद विकत घेतो. त्याहून वाईट म्हणजे, आधीं नांव अडवून ठेवून मग त्या उद्योगालाच "इतके द्या, देतों" असें लिहिणें. तें पत्रच लवादापुढें दुष्ट हेतूचा पुरावा ठरतें, आणि नांव मोबदल्यावांचून जातें. आपल्या देशांतील 'डॉट इन' या चौकाचे नियमहि याच धर्तीचे आहेत.

आमच्या हापूसचें उदाहरण येथें बोधक आहे. ऑक्टोबर २०१८ मध्यें हापूस या नांवाला कोंकणांतील पांच जिल्ह्यांपुरतें भौगोलिक मानांकन मिळालें. १९९९ च्या कायद्याप्रमाणें तें मानांकन कोणाला विकतां येत नाहीं किंवा गहाणहि टाकतां येत नाहीं. परंतु 'हापूस' शब्द असलेला पत्ता नोंदवितांना आंबा कोणत्या मातींतला, हें कोणी विचारीत नाहीं. पत्ता विकत घेतला म्हणजे मानांकनहि पदरांत पडलें, असा समज कित्येकांचा होतो. तो सर्वथा चुकीचा आहे.

ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' या चौकांत देवनागरींतहि नांवें घेतां येतात. मला याचा आनंद आहे. पण एक सावधगिरी सांगितल्यावांचून राहवत नाहीं. यंत्राला व्याकरण कळत नाहीं. 'रत्नागिरि' ऱ्हस्व लिहा कीं 'रत्नागिरी' दीर्घ लिहा, त्याच्या लेखीं तीं दोन भिन्न नांवें. वर्गांत ज्या चुकीबद्दल अर्धा गुण कापीत होतों, त्या चुकीनें येथें गिऱ्हाईक परक्याच्या दारांत जाऊं शकतें!

मग घेणारानें कसें वागावें? पूर्वीं नोंदवहींत धारकाचें नांव उघड दिसे. २०१८ पासून युरोपांतील खासगीपणाच्या कायद्यामुळें बहुतेक नांवें झांकलेलीं असतात. म्हणून विकणाराच्या ताब्यांत नांव खरोखरच आहे याची खूण मागावी. सांगितलेला एखादा शब्द त्यानें त्या पत्त्यावर झळकवून दाखवावा, एवढें पुरतें. त्या पत्त्यावर पूर्वीं काय धंदा चाले तें पाहावें, कारण फसवेगिरीनें बदनाम झालेलें नांव धुऊन निघत नाहीं. पैसे थेट देऊं नयेत. विश्वासू तिऱ्हाइताकडे अनामत ठेवावे, आणि नांव आपल्या खात्यांत, आपल्या ईमेलवर आल्यानंतरच ते सुटावेत. विकणारालाहि हाच उपाय. त्याच्याकडे तर आणखी एक जातीचा ठग येतो. तो भरमसाट किंमत कबूल करतो, फक्त अमक्याच ठिकाणाहून मूल्यांकनाचा दाखला आणा म्हणतो; दाखल्याची फी गेली कीं गिऱ्हाईकहि गेलें.

आतां त्या विद्यार्थ्याची हकीकत. तो आंब्याचा व्यापारी. २०११ सालीं त्यानें घरोघर पेट्या पाठविण्यासाठीं पत्ता घेतला. आजोबांचें नांव आणि गांव जोडून तें नांव मींच सुचविलें होतें. संकेतस्थळ करून देणाऱ्या इसमानें तें स्वतःच्या नांवें, स्वतःच्या खात्यांत नोंदविलें. पैसे वेळच्या वेळीं भरले जात, म्हणून सात वर्षें कोणाला संशय आला नाहीं. पहिली पावती मीं स्वतः वाचली होती. धारक म्हणून त्या इसमाचें नांव तींत छापलेलें होतें. माझी नजर त्यावरून गेली आणि मीं केवळ गांवाच्या नांवाचें स्पेलिंग तपासलें. सात वर्षांनीं दोघांचें बिनसलें, ऐन चैत्रांत पत्ता बंद झाला, आणि सोडवणुकीसाठीं अशी रक्कम मागण्यांत आली कीं ती त्या हंगामाच्या नफ्याहून मोठी होती. लवादाकडे जावें तर महिने लागणार; आंबा महिने थांबत नाहीं. त्यानें दुसरें नांव घेतलें, या वेळीं स्वतःच्या नांवें. पण पेट्या आधींच छापून आल्या होत्या. अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज संध्याकाळीं आम्ही दोघे त्याच्या खळ्यांत बसून, एकेका पेटीवरचा जुना पत्ता काळ्या शाईनें खोडीत होतों.