पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर धान्य दळणारे, खाम नदीकाठचे अठराव्या शतकातील यंत्र. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) नगरासाठी भूमिगत नहरींची जी व्यवस्था सुरू केली (पहा : नहर-ए-अंबरी), तिच्याच परंपरेत नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की उभी राहिली; निजामाचा सरदार तुर्कताज खान याच्याशी तिची उभारणी जोडली जाते.

सुमारे सहा किमी.वरील डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून केवळ उताराने येते, बंद नळातील दाबामुळे उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते आणि तेथून खाली कोसळते. या प्रपाताच्या वेगाने पात्यांचे चाक व त्यास जोडलेले जाते फिरत असे. चक्कीच्या आवारातील हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत असल्याने ते उन्हाळ्यात थंड राहते. दर्ग्यातील शिष्य, यात्रेकरू आणि शिबंदी यांचे पीठ येथे दळले जाई.

इंधनाविना, वापराच्या जागीच ऊर्जा मिळविणारी ही रचना विकेंद्रित अर्थव्यवस्थेचे जुने उदाहरण मानता येते. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी कोळसा व तेल यांच्या संपणाऱ्या साठ्यांवरील आणि पाणी, वारा यांसारख्या प्रवाही स्रोतांवरील अर्थव्यवस्था असा भेद केला (पहा : मगनवाडी, वर्धा); पाणचक्की दुसऱ्या प्रकारात मोडते. मात्र तिची क्षमता झऱ्याच्या प्रवाहाने बांधलेली असून नळमार्गाची सततची देखभाल ही तिची अट होती.