कॉकपिटमधून कारखान्यात

भारतीय हवाईदलाचे वैमानिक प्रतापचंद्र लाल यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशावर व्हेंजन्स विमाने उडवली. लक्ष्याच्या थेट डोक्यावर जायचे, नाक जवळपास सरळ खाली करायचे आणि बॉम्ब सोडून वर उचलायचे, असा तो प्रकार. त्याबद्दल त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळाले.

सरकारी खात्यांतली कसरत त्याहून अवघड निघाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसले आणि १९६२मध्ये लालना सक्तीने घरी बसवले. मेननच पायउतार झाल्यावर ते पुन्हा सेवेत आले.

१९६६ ते १९६९ ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे प्रमुख होते. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीने १९४०मध्ये बंगळुरात काढलेल्या विमान कारखान्यातून वाढलेली ही कंपनी. तिथे नॅट आणि मारुत ही लढाऊ विमाने बनत, तर नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१.

पुढे लाल हवाईदलप्रमुख झाले आणि १९७१च्या युद्धात हीच विमाने त्यांच्या हाताखाली लढली. पूर्व सीमेवरच्या बोयऱ्यावर चिमुकल्या नॅटनी पाकिस्तानी सेबर विमाने पाडली. कारखानदाराला आपल्या मालाची इतकी कठोर परीक्षा क्वचितच पाहायला मिळते!

हाच रस्ता पुढे लक्ष्मण माधव कात्रे या मराठी वैमानिकाने धरला. तेही आधी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे अध्यक्ष, मग १९८४मध्ये हवाईदलप्रमुख. जुलै १९८५मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.